अर्धं काहीच नाही

माझं नाव तोमे. मुलीमागून मुली होत राहिल्या की आमच्याकडे एकीला हे नाव ठेवतात. अर्थ 'पुरे आता'. माझ्यानंतर आणखी दोघी झाल्या. त्यामुळे नुसत्या शब्दांवर माझा विश्वास लहानपणापासूनच कमी.

क्योतोच्या एका बोळात माझं लोणच्याचं दुकान आहे आणि शेजारी तोकुझो होरिए यांचं दुकान होतं. मधे एक मातीची भिंत, तीही अशी की तिकडे त्यांनी खळ ढवळली तर इकडे मला ती किती घट्ट झाली ते कळावं. त्यांचा धंदा पट मढवण्याचा. कुणी चित्र काढतं, कुणी मोठ्या कुंचल्याने दोन अक्षरं लिहितं. त्या कागदाला मागून अस्तर लावायचं, कडेने रेशीम जोडायचं, खाली लाकडी दांडी घालायची, म्हणजे तो भिंतीवर टांगता येतो आणि नको तेव्हा गुंडाळून पेटीत ठेवता येतो. काम चोख असलं की बघणाऱ्याला चित्र दिसतं, मढवणारा दिसत नाही. तोकुझोसान, म्हणजे तोकुझोराव, एरवीही दिसत नसत. बुटका माणूस, गोल चष्मा, सार्वजनिक न्हाणीघराला जाताना भिंतीच्या कडेकडेने चालणार. बोलणं इतकं थोडं की त्यांची बायको किनुसान म्हणायची, "लग्नाच्या दिवशी ह्यांनी एक वाक्य सुरू केलं होतं. बाकीचं कधी येतंय, वाट बघतेय मी."

पण कडेकडेने चालायला एक कारण होतं, आणि ते बोळातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं.

चांगला कागद दोन पदरी असतो. हात कसलेला असेल तर बांबूची एक पातळ पट्टी घालून त्याचे दोन पदर सोलून वेगळे करता येतात. वरच्या पदरावरची शाई खालच्यातही थोडी झिरपलेली असते, म्हणजे एका चित्राची दोन चित्रं होतात. तोकुझोसानांच्या वडिलांनी तेच केलं. एका चहावाल्या पेढीचा जुना पट मढवायला आला, त्यांनी वरचा पदर परत दिला आणि खालचा ओसाकाला विकला. पुढे दोन्ही मालक एकाच प्रदर्शनात समोरासमोर आले. सगळ्या शहराने छी-थू केली. एकोणीस वर्षांचा तोकुझो दारोदार जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकापुढे वाकला, आणि बाप पुढची चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसून राहिला आणि मेला. ती बांबूची पट्टी तोकुझोसानांनी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात, बापाच्या नावाच्या पाटीमागे ठेवली. आपण गिऱ्हाइकाचा कागद आला तसाच परत देऊ, एवढंच त्यांनी आयुष्यात ठरवलं होतं. चाळीस वर्षं पाळलंही.

आता इबुकि सेनसेईंबद्दल, म्हणजे इबुकि गुरुजींबद्दल. हे विद्यापीठात तीस वर्षं 'काहीच नाही' हा विषय शिकवत होते. थट्टा करत नाही मी. पश्चिमेकडच्या लोकांनीही हल्ली हा विषय हातात घेतला आहे, पण त्यांचं काहीच नाही म्हणजे पाहुणा आलाच नाही आणि पान वाढलेलं राहिलं असलं रडकं. आपलं काहीच नाही आधीपासूनचं, त्यात पाहुणा, पान आणि यजमान सगळे मावतात, असं सेनसेईंचं म्हणणं. हे मला त्यांच्या नागाओ नावाच्या शिष्याने लोणचं बांधून घेताना सांगितलं. सेनसेईंनी यावर सात जाड पुस्तकं लिहिली होती. मी विचारलं, "काहीच नाही, तर सात कशाला?"

नागाओ गंभीरपणे म्हणाले, "आठवं अपुरं आहे."

सेनसेई स्वतः थंडीत माझ्याकडे सलगमाच्या लोणच्याला यायचे. ते दुकानात मुकाट्याने पिंपाकडे बघत उभे राहायचे आणि पुडी मिळाली की लहान मुलासारखी कोटात लपवायचे. मला ते आवडायचे. त्यांच्या विषयाशी माझं काही वाकडं नव्हतं.

लढाई संपून अकरा वर्षं झाली होती त्या सालची गोष्ट. सेनसेई सत्तर वर्षांचे झाले, निवृत्त झाले, आणि शिष्य मागे लागले की आम्हाला तुमच्या हातचं एखादं अक्षर लिहून द्या. कागद अंथरला, शाई घोटली. सेनसेई कुंचल्याकडे बघत तासभर बसले. मग म्हणाले, "झालं." कागद कोरा. शिष्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पंधरा दिवसांनी सेनसेई वारले, आणि तो कोरा कागद त्यांचं शेवटचं लेखन ठरला.

डिसेंबरच्या सुरुवातीला नागाओ आणि सुगे असे दोघे शिष्य तो कागद घेऊन तोकुझोसानांकडे आले. नागाओ सुकलेल्या बोंबलासारखा, सुगे भरल्या पिंपासारखा. सेनसेई गेल्याच्या शंभराव्या दिवशी विद्यापीठात स्मरणसभा होती, तिथे हा पट टांगायचा होता. मी तेव्हा मागच्या दाराशी किनुसानशी बोलत होते, म्हणून सगळं ऐकलं.

तोकुझोसानांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याची वरची बाजू कुठली?"

दोघांनी कागदावर मान वाकवली.

"सेनसेई खिडकीकडे तोंड करून बसले होते," नागाओ म्हणाले. "म्हणजे खिडकीकडची कड वरची."

"काहीच नाहीला वर-खाली असतं असं म्हणणं म्हणजे सेनसेईंची सात पुस्तकं पाण्यात घालणं आहे," सुगे म्हणाले.

"मग काय, आडवा टांगायचा?"

"आडवा म्हणजे कशाला आडवा?"

"दांडी एकाच बाजूला बसते हो," तोकुझोसान हळूच म्हणाले.

तीन तास चाललं. किनुसानने दोनदा चहा दिला. शेवटी तिने हात जोडून, गोड हसून विचारलं, "चहा-भात खाऊन जाता का?" आता आमच्या शहरात भातावर गरम चहा ओतून देण्याचं विचारलं की पाहुण्याने समजायचं, उठा आता, पुरे झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणं ही आमची चालच आहे. आम्ही 'या' म्हणालो तर यायचं नसतं, 'बसा' म्हणालो तर उठायचं असतं. पण नागाओ पडले तोक्योचे आणि सुगे आणखी कुठल्यातरी बर्फाळ मुलखातले. दोघे म्हणाले, "वा, चालेल की!" आणि दोन-दोन वाट्या खाऊन गेले. वरची बाजू ठरली नाही ती नाहीच. समिती नेमून कळवतो म्हणाले.

तोकुझोसानांनी कागद कामाच्या पाटावर पसरून ठेवला. बाहेरून आलेल्या कागदाला दुकानाची हवा आठवडाभर लागू द्यायची, मगच पाणी लावायचं, हा त्यांचा नियम.

आणि आठवड्याने आली तेरा तारीख.

तेरा डिसेंबरला आमच्याकडे नव्या वर्षाची तयारी सुरू होते. घराघरांत चटया उचलतात, छताची काजळी झाडतात, सगळं सामान इकडचं तिकडे होतं. त्या दिवशी गिऱ्हाईकही तुटून पडतं. दुपारी बारापर्यंत माझं सलगमाचं पिंप रिकामं झालं. माल संपला की मी दारावर एक कागद चिकटवते: 'आज काही नाही'. तर मी नेहमीसारखी मागच्या दाराने होरिएंकडे कागद मागायला गेले. तोकुझोसान काजळीच्या टोपल्या घेऊन नदीवर गेले होते. किनुसान डोक्याला फडकं बांधून शिडीवर.

"कागद घेऊ का गं एक?"

"घे की. त्या गठ्ठ्यावरचा कोरा असेल तो घे," ती वरून म्हणाली.

गठ्ठ्यावरचा वरचा कागद कोरा होता. छान कोरा होता. सफाईसाठी पाट उचलताना तिनेच तो तिथे ठेवला होता. मी घरी आले, कुंचला शाईच्या तळाशी राहिलेल्या गाळात कसाबसा फिरवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज काही नाही. भाताची खळ लावून दारावर चिकटवला. अक्षर बरं आलं होतं. कागद चांगला असला की येतं.

चार वाजता भिंतीपलीकडे काही पडल्याचा आवाज आला. मी मागच्या दाराने धावत गेले.

तोकुझोसान रिकामा पाट बघून मटकन खाली बसले होते. किनुसान गठ्ठ्यातले सगळे कोरे कागद एकेक करून त्यांच्यापुढे धरत होती. "हा का हो? हा का?" ते नुसती मान हलवत होते. त्यांनी सेनसेईंचा कागद नुसत्या स्पर्शाने ओळखला असता. मी म्हटलं, "थांबा," आणि त्यांना बाहेर माझ्या दाराशी नेलं.

तोकुझोसान त्या कागदापुढे उभे राहिले. एक आजीबाई मागून म्हणाल्या, "अगंबाई, संपलं वाटतं," आणि गेल्या.

"तोमेसान," ते म्हणाले, "हे काय केलंत?"

मी रस्त्यातच गुडघे टेकले. खोटं नाही सांगत, मला रडू फुटलं. आणि रडता रडता जे पहिलं सुचलं ते बोलले. "दुसरा कोरा कागद मढवून द्या ना! त्यावर तरी काय होतं? कुणाला कळणार आहे?"

किनुसान म्हणाली, "हो ना हो. कोऱ्याला कोरा."

"ते काहीच नाही सेनसेईंचं होतं," तोकुझोसान म्हणाले. "हे माझ्या गठ्ठ्यातलं आहे. चोरीचा मालसुद्धा खरा असतो, किनु. हा खोटा होईल."

संध्याकाळी आमचे देवळातले बोन्झे, म्हणजे भिक्षू, नेमके तेरा तारखेचा मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा गोळा, द्यायला आले. त्यांना विचारलं. ते म्हणाले, सगळंच रिकामं आहे, तेव्हा दुसरा लावला तरी चालेल. तोकुझोसान त्यांना म्हणाले, "मग उद्या देवळातली मूर्ती मी मढवायला नेतो, आणि दुसरी आणून देतो." बोन्झे मोची न देताच गेले. इतक्या वर्षांत तोकुझोसानांना कुणाला टोमणा मारताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दारावरचा कागद वाफ देऊन सोडवला. त्याला जराही फाटू दिलं नाही. पाटावर पसरला, पाणी शिंपडलं, भिंगाने शाई बघितली. मग म्हणाले, "तुम्ही शाई फार कमी घेतली होती."

"कंजूस आहे मी," मी म्हटलं.

"बरं झालं. खाली उतरलेली नाही."

ते उठले, देव्हाऱ्यापुढे बसले, आणि बापाच्या पाटीमागचं फडकं बाहेर काढलं. किनुसानने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ती बांबूची पट्टी चाळीस वर्षं उजेडात आली नव्हती. जे पाप करणार नाही म्हणून हा माणूस आयुष्यभर भिंतीला चिकटून चालला, तेच त्याला आता करायचं होतं, तेही प्रामाणिक राहण्यासाठी.

दुपारपर्यंत लागलं. एका कोपऱ्यात नखाने कागदाचा पदर सोडवला, पट्टी आत सरकवली आणि श्वास रोखून रोखून पुढे नेत राहिले. मी दुधावरची साय काढताना एवढी जपत नाही. शेवटी वरचा पदर निघाला, त्यावर माझं 'आज काही नाही'. खाली राहिला तो दुसरा पदर. उन्हात धरून बघितला. स्वच्छ कोरा.

"झालं!" मी म्हटलं. "खरा सेनसेईंचाच कागद आहे हा. मढवा आणि द्या."

"अर्धा आहे," ते म्हणाले. "अर्धा देऊन पूर्ण म्हटलं तर बाबांनी काय वेगळं केलं होतं? सांगावं लागेल."

सांगायला मीही गेले. गुन्हा माझा होता. विद्यापीठात नागाओ आणि सुगे यांची एक पुस्तकांनी भरलेली खोली होती. तोकुझोसानांनी जमिनीला कपाळ टेकलं.

"हा तो कागद नाही," ते म्हणाले.

नागाओंनी सुगेंकडे बघितलं.

"म्हणजे आहे, पण पूर्ण नाही. अर्धा आहे."

"कशाचा अर्धा?" सुगेंनी विचारलं.

"सेनसेईंच्या त्या... काहीच नाहीचा."

मग नागाओ हळूच म्हणाले, "काहीच नाहीचं अर्धं केलं तर उरतं किती?"

"काहीच नाही," तोकुझोसान म्हणाले. बिचाऱ्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं.

नागाओंनी वही काढली.

मला राहवेना. "अहो, लिहून काय घेताय! त्याच्यावर मी लिहिलं होतं, मी! लोणचेवाली! सलगम संपले म्हणून!"

"काय लिहिलंत?"

"आज काही नाही."

सुगेंनी छातीवर हात ठेवला. "आज," ते म्हणाले. "नागाओ, ऐकलंत? आज! काळाचा प्रश्न आपण सतरा वर्षं सोडवतोय."

"उद्या होतं," मी ओरडले. "उद्या दुसरं पिंप उघडणार होते!"

"चूक माझी आहे," तोकुझोसान जवळजवळ रडत म्हणाले. "तुमची ठेव मी सांभाळली नाही. माझ्याकडे आलं ते मी तसंच परत देऊ शकत नाही."

"कोण देऊ शकतं?" नागाओ म्हणाले. दोघांनी उठून आमच्यापुढे आम्ही वाकलो त्याहून खाली वाकून नमस्कार केला. वरचा पदर दाखवू का म्हटलं तर म्हणाले, गरज नाही, पोचलं. आम्ही माफी मागायला गेलो आणि केकची पेटी घेऊन परत आलो.

तोकुझोसान आणखी दोनदा गेले. तिसऱ्या वेळी तर घरून लिहून नेलं, सोप्या भाषेत, एक दोन तीन आकडे घालून. जानेवारीत विद्यापीठाच्या मासिकात ते छापून आलं. मथळा: 'एका कारागिराचे उद्गार'. वरची बाजू ठरवणाऱ्या समितीने आभाराचा ठराव केला. वरच्या बाजूचं मात्र ठरलं नाही.

त्या मासिकानंतर तोकुझोसानांचं जेवण तुटलं. कोरा पदर अस्तर लावून फळीवर वाळत होता, रेशीम कापून तयार होतं, पण हात पुढे जाईना. एका सकाळी ते आमच्या दोन दारांच्या मधल्या पायरीवर बसले होते. मी त्यांना भाताची पेज दिली, ती त्यांनी तशीच मांडीवर धरून ठेवली.

"तोमेसान," ते म्हणाले, "बाबांनी लपवलं, ते सगळ्या शहराने ऐकलं. मी ओरडून सांगतोय, ते कुणी ऐकत नाही."

मी बोळातली सगळ्यात बोलकी बाई म्हणून प्रसिद्ध आहे, पण मी नुसती पेज पुन्हा गरम करून आणली.

फेब्रुवारीच्या मध्याला एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई दुकानात आली. तिने नैवेद्याला ठेवायला सलगमाचं लोणचं मागितलं. "आमच्या ह्यांना तुमच्याकडचंच लागायचं," ती म्हणाली. तेव्हा कळलं की ह्या इबुकि सेनसेईंच्या बायको, फुसासान. मी पुडी बांधायची सोडून दिली. हाताला धरून त्यांना शेजारी नेलं आणि म्हटलं, "तोकुझोसान, ह्यांना सांगा."

त्यांनी सांगितलं. मला वाटतं, लग्नातलं ते अर्धवट राहिलेलं वाक्य धरून आयुष्यात ते इतकं सलग कधीच बोलले नसतील. तेरा तारीख, गठ्ठा, माझं लोणचं, बापाची पट्टी, सगळं. शेवटी दोन्ही पदर पुढे ठेवले आणि कपाळ जमिनीला टेकून तसेच राहिले.

फुसासानांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कागदावर चुकून दुसऱ्याने लिहिलं, तुम्ही तो सोलला, आणि तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय. असंच ना?"

"असंच," तोकुझोसान जमिनीतून म्हणाले.

"बरं. वाईट झालं खरं. तुमच्याकडून चूक झाली. मी माफ केलं. उठा आता."

तोकुझोसान उठले नाहीत. त्यांचे खांदे हलायला लागले. साठीचा माणूस, दोन महिने कोंडलेलं एकदम बाहेर आलं. किनुसान तोंडाला बाही लावून आत गेली. मीही रडले, लाज कसली त्यात.

थोड्या वेळाने फुसासान म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, तर मीही सांगते. त्या दिवशी ह्यांच्या बोटांत कुंचला धरवत नव्हता. आधीच्या महिन्यात उजव्या बाजूला झटका येऊन गेला होता. कुणाला सांगू नको म्हणाले. तासभर ते अक्षराचा विचार करत नव्हते हो, हात उचलायचा प्रयत्न करत होते. 'झालं' म्हणाले ते मला. म्हणजे मी येऊन त्यांना उठवावं म्हणून."



"काय लिहिणार होते?" तोकुझोसानांनी विचारलं.

"मला काय माहीत? माझ्याशी ते फक्त जेवणाचं बोलायचे." त्यांनी वरचा पदर उचलून डोळ्यांजवळ नेला. आणि हसायला लागल्या, डोळे पुसत हसायला लागल्या. "हा कागद तुमच्या दारावर लागायचा ना? मागल्या थंडीत असेच रिकाम्या हाताने परत आले. जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, 'तिथे आज काही नाही.' तीस वर्षं ते काहीच नाही, काहीच नाही करत राहिले. पण त्या एका काहीच नाहीचं त्यांना खरंच दुःख झालेलं मी पाहिलं."

जाताना म्हणाल्या, कोरा पदर शिष्यांना द्या, त्यांना तो लागतो, आणि झटक्याचं त्यांना सांगू नका. "आणि हा लिहिलेला मला मढवून द्याल?"

तोकुझोसानांनी दोन्ही एकाच रेशमात मढवले. कोऱ्याची वरची बाजू त्यांनी बिनदिक्कत ठरवली: मी ज्या बाजूने लिहायला सुरुवात केली होती, ती वरची. समितीला काही कळवलं नाही. बांबूची पट्टी फडक्यात न गुंडाळता बापाच्या पाटीसमोर उघडी ठेवली आणि शेजारी चहाची वाटी.

शंभराव्या दिवशी सभागृहात कोरा पट टांगला होता. त्याच्यापुढे ऐंशी-नव्वद माणसं मान खाली घालून बसली होती. नागाओ दीड तास बोलले, मग सुगे नागाओंचं कसं चुकलं त्यावर पावणेदोन तास. मध्यावर फुसासानांनी आम्हाला डोळ्याने खुणावलं आणि चौघं गुपचूप त्यांच्या घरी आलो. घर मागेच होतं. स्वयंपाकघरात, चुलीवरच्या भिंतीला, राखी रेशमाच्या चौकटीत माझं अक्षर लोंबत होतं: आज काही नाही. खाली तांदळाचं पिंप.

आम्ही पट बघितला, छान दिसतो म्हणालो, आणि आता निघायला हवं असं वाटलं. तेव्हा फुसासान म्हणाल्या, "चहा-भात खाऊन जा."

आम्ही पडलो क्योतोचे. किनुसानने लगेच चपला शोधायला सुरुवात केली, मी किमोनो सावरला, आणि तोकुझोसान भिंतीला हात लावून अर्धे उठले.

"बसा हो," फुसासान म्हणाल्या, आणि चार वाट्या मांडल्या. "मी खरंच म्हणतेय."

तोकुझोसान बसले. तीन वाट्या खाल्ल्या, आणि लोणचं दोनदा मागून घेतलं.